ट्यूनर : निवडीच्या यंत्राचा इतिहास

दूरचित्रवाणीच्या इतिहासात बेअर्ड, झ्वोरिकिन, फार्न्सवर्थ ही नावे ठळकपणे येतात. कॅमेरा, चित्रनलिका आणि पडदा यांच्या कथा सांगितल्या जातात. संचाच्या पाठीमागे, अँटेनाची तार जिथे खोचली जाते तिथे, पत्र्याची एक लहानशी डबी असते. ती डबी म्हणजे ट्यूनर. तिच्या वाट्याला या इतिहासात क्वचितच एखादा परिच्छेद येतो. हे एका अर्थी स्वाभाविक आहे, कारण ट्यूनर स्वतः काही दाखवत नाही. तो फक्त निवडतो, आणि निवड नीट झाली की निवडणाऱ्याचा विसर पडतो.

असे असले तरी प्रसारणाच्या राजकारणाचा एक मोठा भाग या डबीत घडलेला आहे. आकाशात कोणी बोलावे हे सरकारे परवान्यांनी ठरवतात. त्या बोलण्यातले घरात काय ऐकू येईल हे मात्र ट्यूनर ठरवत आला. परवाना मिळाला, मनोरा उभा राहिला, कार्यक्रमही तयार झाले, पण लोकांच्या संचांत ते पकडण्याची सोयच नव्हती, असे प्रत्यक्षात घडलेले आहे. या लेखाचा विषय तोच आहे. त्यासाठी आधी ट्यूनर करतो काय, हे थोडे बारकाईने पाहावे लागेल.

अँटेनावर एका वेळी शेकडो लहरी आदळत असतात. त्यांत दूरचित्रवाणीच्या वाहिन्या असतात, रेडिओ असतो, पोलिसांचे बिनतारी संदेश असतात, शेजारच्या मिक्सरची खरखरही असते. त्यांतून हवी ती लहर वेगळी काढण्याचा जुना उपाय म्हणजे अनुस्पंदन. तारेचे एक वेटोळे आणि एक कंडेन्सर जोडले की त्या जोडीला स्वतःची अशी एक वारंवारता मिळते. त्या वारंवारतेच्या लहरीला ती जोडी उत्कटतेने प्रतिसाद देते, इतरांना जेमतेम. कंडेन्सर फिरवून ही वारंवारता बदलता येते. जुन्या रेडिओचे बटण फिरवताना आपण हेच करत होतो.

अडचण अशी की ही निवड काटेकोर नसते. नेमकेपणा वाढवायचा तर अशा अनेक जोड्या एकापुढे एक ठेवाव्या लागतात. मग वाहिनी बदलताना त्या सगळ्या एकाच वेळी, एकाच प्रमाणात फिराव्या लागतात. वारंवारता वाढत जाते तसे हे अशक्य होत जाते. शिवाय पहिल्या महायुद्धाच्या काळातील निर्वात नलिका उच्च वारंवारतेच्या लहरींचे वर्धन नीट करू शकत नव्हत्या. युद्धात क्षीण आणि उच्च वारंवारतेचे संदेश पकडण्याची गरज तर तीव्र होती.

यावरचा उपाय एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये पॅरिसला असताना १९१८ मध्ये मांडला. ती कल्पना समजायला तंबोऱ्याचे उदाहरण सोयीचे आहे. दोन तारा जवळजवळ एकाच स्वरात लावल्या, पण किंचित फरक राहिला, तर आवाजात एक संथ चढउतार ऐकू येतो. त्या चढउताराची गती म्हणजे दोन तारांच्या कंपनसंख्यांमधला फरक. रेजिनाल्ड फेसेंडन याने ही युक्ती बिनतारी संदेशांसाठी १९०१ च्या सुमारासच सुचवली होती आणि ‘दुसरी’ व ‘शक्ती’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून तिला ‘हेटरोडाइन’ असे नाव दिले होते. त्याचा फरक मात्र कानाला ऐकू येण्याजोगा होता. आर्मस्ट्राँगने तो कानाच्या कक्षेबाहेर, बराच वर ठेवला. म्हणून ते ‘सुपरहेटरोडाइन’.

या रचनेत येणाऱ्या लहरीत संचातच निर्माण केलेली दुसरी लहर मिसळली जाते. साध्या बेरजेने भागत नाही. ज्याचा प्रतिसाद समप्रमाणात नसतो अशा घटकातून दोन्ही लहरी नेल्या, की त्यांच्या फरकाइतकी वारंवारता असलेली एक स्वतंत्र तिसरी लहर तयार होते, आणि मूळ लहरीवरचा संदेश तिच्यावर जसाच्या तसा उतरतो. आता वाहिनी कोणतीही असो, आतली लहर अशी बदलायची की फरक कायम तोच राहील. भारतात रूढ असलेल्या पद्धतीत चित्रासाठी हा फरक ३८.९ मेगाहर्ट्झ होता. पाचव्या वाहिनीचे चित्र १७५.२५ मेगाहर्ट्झवर येते. ते पाहायचे तर संचातील आंदोलक २१४.१५ वर लावायचा, की वजाबाकी ३८.९ येते. पुढची सगळी गाळणी आणि वर्धके या एकाच वारंवारतेसाठी बनवायची, एकदाच आणि मन लावून. म्हणजे गाळणी वाहिनीच्या मागे फिरत नाही, वाहिनीच गाळणीपाशी आणली जाते. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक सर्व रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचांचा पाया एवढाच आहे.

या शोधाचे श्रेय मात्र एकट्याचे राहिले नाही. फ्रान्समध्ये ल्युसिअँ लेव्ही याने १९१७ मध्येच मिळत्याजुळत्या कल्पनेसाठी अर्ज केला होता. जर्मनीत वॉल्टर शॉटकी त्याच विचारापर्यंत १९१८ मध्ये स्वतंत्रपणे पोहोचला होता. आर्मस्ट्राँगला अमेरिकन पेटंट १९२० मध्ये मिळाले, पण लेव्हीचे अमेरिकेतील हक्क एटी अँड टी कंपनीने घेतले आणि वाद न्यायालयात गेला. १९२८ मध्ये निकाल आर्मस्ट्राँगच्या विरुद्ध लागला आणि त्याचे मूळ दावे इतरांकडे गेले. आज पाठ्यपुस्तके त्याचेच नाव देतात, हा भाग वेगळा. पुढे त्याने एफएम प्रसारण विकसित केले. अमेरिकन दूरचित्रवाणीने १९४१ च्या मानकात ध्वनीसाठी तेच स्वीकारले. त्याच्या हक्कांसाठीचे खटले चालू असतानाच, १९५४ च्या जानेवारीअखेरीस, त्याने न्यूयॉर्कमधील आपल्या तेराव्या मजल्यावरील घरातून उडी घेऊन आयुष्य संपवले. त्या सुमारास अमेरिकेतील घराघरांत असलेल्या दूरचित्रवाणी संचांत त्याच्या दोन कल्पना काम करत होत्या, चित्र निवडणारी एक आणि आवाज आणणारी दुसरी.

त्या संचांतील ट्यूनर यांत्रिक होता. सर्वांत प्रसिद्ध प्रकार ‘टरेट’ म्हणजे फिरत्या पिंपाचा. पिंपाच्या परिघावर प्रत्येक वाहिनीसाठी वेटोळ्यांची एकेक पट्टी बसवलेली असे. बटण फिरवले की ‘खट्’ असा आवाज होऊन पुढची पट्टी संपर्कबिंदूंवर येई. जुन्या संचांचा तो खटका अजून अनेकांच्या कानात असेल. कालांतराने संपर्कबिंदूंवर गंज चढे, चित्र थरथरे, आणि संचाला थापट मारली की ते क्षणभर सुधारे. थापटेने सुधारत होते ते चित्र नव्हे, पट्टीचा संपर्क.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अमेरिकेत युद्धानंतर दूरचित्रवाणी वेगाने वाढली. दोन ते तेरा अशा बाराच व्हीएचएफ वाहिन्या उपलब्ध होत्या आणि त्या एकमेकींत मिसळू लागल्या. तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने सप्टेंबर १९४८ मध्ये नवे परवाने थांबवले. ही स्थगिती साडेतीन वर्षे टिकली. एप्रिल १९५२ मध्ये आयोगाने देशाचा नवा नकाशा जाहीर केला. जुन्या बारा वाहिन्यांबरोबर १४ ते ८३ अशा ७० वाहिन्या यूएचएफ पट्ट्यात, म्हणजे ४७० ते ८९० मेगाहर्ट्झमध्ये, खुल्या झाल्या. शिक्षणासाठी देशभर २४२ जागा राखून ठेवल्या, त्यांतल्या १६२ यूएचएफमध्ये होत्या. कागदावर हा उदार निर्णय होता. बाराच्या जागी ब्याऐंशी वाहिन्या, आणि त्यांत शाळा-विद्यापीठांना स्वतःचा आवाज.

परंतु घरोघरी असलेल्या संचांत दोन ते तेराच होते. यूएचएफ पाहायचे तर वेगळा परिवर्तक विकत आणायचा किंवा पिंपातली एखादी पट्टी बदलून घ्यायची. नवे संच घेणाऱ्यांनाही कारखानदार जादा पैसे मागत, कारण यूएचएफ ट्यूनर बसवायला खर्च येई आणि न बसवल्याने विक्री अडत नव्हती. ओरेगॉनमधील पोर्टलंड शहराचे उदाहरण बोलके आहे. तिथे दूरचित्रवाणी नव्हतीच. १९५२ च्या सप्टेंबरात केपीटीव्ही हे देशातले पहिले व्यावसायिक यूएचएफ केंद्र तिथे सुरू झाले, आणि दुसरा पर्यायच नसल्यामुळे लोकांनी हौसेने परिवर्तक घेतले. पुढे त्याच शहरात व्हीएचएफ केंद्रे आली आणि १९५७ मध्ये केपीटीव्ही स्वतःच सत्ताविसावी वाहिनी सोडून बाराव्या वाहिनीवर गेले. जिथे शेजारी व्हीएचएफ होते तिथे यूएचएफ केंद्रांना प्रेक्षक नव्हते, प्रेक्षक नाहीत म्हणून जाहिराती नव्हत्या, आणि जाहिराती नाहीत म्हणून कार्यक्रम नव्हते. पन्नाशीच्या दशकात अशी अनेक केंद्रे बंद पडली. ड्यूमाँट ही चौथी राष्ट्रीय प्रसारणसाखळी १९५६ मध्ये संपली. तिच्या अंताला इतरही कारणे होती, पण मोठ्या शहरांत चौथ्या साखळीसाठी व्हीएचएफ जागाच उरली नव्हती, हे त्यांतले प्रमुख.

येथे बाजाराने कोणाचे तोंड बंद केले नाही, सरकारनेही नाही. बोलायची पूर्ण मुभा होती. ऐकणाऱ्याच्या घरातील कान मात्र त्या सुराला बहिरा होता. अखेर जुलै १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी ‘ऑल-चॅनल रिसीव्हर’ कायद्यावर सही केली. १९६४ च्या एप्रिलअखेरीनंतर बनणाऱ्या प्रत्येक संचात सर्व ८२ वाहिन्या पकडण्याची क्षमता असणे बंधनकारक झाले. कारखानदारांना हा हस्तक्षेप वाटला. त्यांनी कायद्याचे अक्षर पाळले, आशय नाही. व्हीएचएफच्या बटणाला खटके होते. यूएचएफचे बटण रेडिओसारखे सलग फिरणारे, ज्यावर वाहिनी हाताने शोधत बसावी लागे. पुढे सत्तरीच्या दशकात आयोगाला ‘दोन्ही पट्ट्यांवरची निवड सारखीच सोपी असावी’ असाही नियम करावा लागला. बोलण्याचे स्वातंत्र्य कधीकधी बटणाच्या खटक्यापर्यंत खाली उतरून राखावे लागते, हे या प्रकरणाचे सार आहे.

ट्यूनरच्या मर्यादेने आणखी एक गोष्ट घडवली, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले. वर सांगितलेल्या फरकाच्या युक्तीत एक खोट आहे. आतल्या आंदोलकापासून ठरावीक अंतरावर खाली जशी एक लहर असते, तशीच तितक्याच अंतरावर वरही एक असते. फरक दोन्हींचा सारखाच येतो, त्यामुळे गाळणीला दोन्ही सारख्याच वाटतात. या दुसऱ्या, नको असलेल्या लहरीला प्रतिमा-लहर म्हणतात. तिला ट्यूनरच्या दारातच अडवायचे असते, पण स्वस्त यूएचएफ ट्यूनरला, ज्यात बहुधा सुरुवातीचे वर्धकही नसे, ते जमत नव्हते.

अमेरिकन संचांत चित्राचा फरक ४५.७५ मेगाहर्ट्झ होता. चौदाव्या वाहिनीचे चित्र ४७१.२५ वर, म्हणून आंदोलक ५१७ वर. तेथून ४५.७५ वर गेले की ५६२.७५ येते, आणि ही जागा एकोणतिसाव्या वाहिनीत पडते. म्हणून एकाच गावात चौदा आणि एकोणतीस देता येत नाहीत. अठ्ठाविसाव्या वाहिनीचा ध्वनीही त्याच वाटेने आत शिरतो, म्हणून तीही नको. खुद्द आंदोलकाची ५१७ ची लहर अँटेनातून थोडी बाहेर गळते आणि ती पडते एकविसाव्या वाहिनीत. म्हणजे तुम्ही चौदा पाहत असाल तर शेजाऱ्याच्या एकविसावर डाग उमटणार. म्हणून एकवीसही नको. लागून असलेली वाहिनी तर नकोच. या निषिद्ध जागांना अभियंते ‘यूएचएफ टॅबू’ म्हणत. सत्तर वाहिन्यांचा पट्टा कागदावर प्रशस्त होता, पण कोणत्याही एका शहरात त्यातला बराचसा ओसाड ठेवावा लागे. घरातला स्वस्त ट्यूनर चुकू नये म्हणून आकाशातली जमीन पडीक ठेवली गेली.

ही पडीक जमीन पुढे कामी आली. डिजिटल प्रसारण सुरू करताना प्रत्येक केंद्राला जुन्याबरोबर एक नवी वाहिनी द्यायची होती, तेव्हा पूर्वी निषिद्ध असलेल्या कित्येक जागा त्यासाठी वापरता आल्या. शिवाय २००२ मध्ये आयोगाने संचांत डिजिटल ट्यूनर सक्तीचा केला, तो १९६२ च्याच कायद्याचा आधार घेऊन. कारखानदार पुन्हा न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये हरले. जून २००९ मध्ये तिथली पूर्ण क्षमतेची अ‍ॅनालॉग केंद्रे बंद झाली.

दरम्यान ट्यूनर स्वतः बदलत गेला. १९५६ मध्ये झेनिथ कंपनीने रॉबर्ट अ‍ॅडलरचा ध्वनीवर चालणारा रिमोट बाजारात आणला, तेव्हा दूरवरून दिलेल्या आज्ञेने संचातली एक मोटर प्रत्यक्ष बटण फिरवत असे. खरी सुटका व्हॅरॅक्टर डायोडने केली. हा असा डायोड की त्यावरचा विद्युतदाब बदलला की त्याची विद्युतधारकता बदलते. आता फिरणारे पिंप नको, गंजणारे संपर्कबिंदू नकोत. दाब बदलला की वाहिनी बदलते. पुढे स्फटिक-आंदोलकाशी सतत तुलना करून वारंवारता जागच्या जागी बांधून ठेवणारे मंडल आले आणि ‘फाइन ट्यूनिंग’चे बटण नाहीसे झाले. नव्वदीच्या अखेरीस मायक्रोट्यून या टेक्ससच्या कंपनीने अख्खा ट्यूनर एका सिलिकॉनच्या चकतीवर आणला आणि हळूहळू पत्र्याची डबीही गेली.

आपल्याकडे या कथेची सुरुवात उलट टोकाने झाली. दिल्लीत १९५९ मध्ये, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला आणि सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यात १९७३ मध्ये दूरचित्रवाणी आली. पण वाहिनी एकच होती. दुसरी वाहिनी १९८४ मध्ये दिल्लीला आणि पुढच्या वर्षी मुंबईला मिळाली. इतर गावांत बटणावरचे बाकीचे आकडे शोभेपुरते राहिले. निवडीचे यंत्र घरात होते, निवडायला मात्र काही नव्हते.

नव्वदीनंतर केबल आली आणि चित्र पालटले. केबलचालकाने दोन नेहमीच्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत, ज्याला ‘एस बँड’ म्हणत, वाहिन्या भरल्या. जुन्या संचांना तो पट्टा दिसतच नव्हता. पोर्टलंडसारखेच इथेही परिवर्तकाची खोकी आली, नवे संच ‘हायपरबँड’ म्हणून विकले गेले. साध्या संचाला सहज सापडणाऱ्या जागांना बाजारात किंमत आली, आणि आपली वाहिनी तिथे बसावी म्हणून प्रसारक केबलचालकाला पैसे मोजू लागले. १९९५ च्या केबल कायद्यात २००० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा दूरदर्शनच्या दोन वाहिन्या आणि राज्याच्या भाषेतली एक वाहिनी ‘प्राइम बँड’मध्येच दाखवली पाहिजे असे बंधन घातले गेले. मराठी वाहिनी मराठी घरात कोणत्या आकड्यावर असावी, हा प्रश्न संसदेच्या कायद्यापर्यंत गेला तो असा. आयोगाच्या खटक्यांच्या नियमाचे हे भारतीय भावंडच म्हणायचे.

२०१२ पासून टप्प्याटप्प्याने केबल डिजिटल झाली, सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाला. २०२१-२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक अ‍ॅनालॉग भू-प्रक्षेपक बंद झाले. या खोक्यातही ट्यूनर आहे, पण निर्णय आता त्याच्या हातात नाही. तो लहर पकडतो, पुढे सांकेतिक कुलूप असते, आणि किल्ली पैसे भरलेल्यालाच मिळते. भारतीय मानक ब्युरोने उपग्रह-ट्यूनर आतच बसवलेल्या संचांसाठी २०२२ मध्ये मानक तयार केले. खोक्यावाचून विनामूल्य वाहिन्या दिसाव्यात हा त्यामागचा विचार १९६२ च्या कायद्याशी नाते सांगणारा आहे. फरक एवढाच की हे बंधन नाही, मानक आहे.

आज अनेक घरांत दूरचित्रवाणी इंटरनेटवरून पाहिली जाते आणि तिथे ट्यूनरची गरजच नाही. हा बदल सोयीचा आहे, यात शंका नाही. पण त्यात काय सरले हेही नोंदवायला हवे. ट्यूनरच्या व्यवस्थेत सगळ्या लहरी सगळ्यांच्या छपरावर येत आणि निवड घरात होई. मी काय निवडले हे प्रक्षेपकाला कळत नसे, कारण लहर परत जात नाही. नव्या व्यवस्थेत मागितले तेवढेच येते, आणि मागणीची नोंद दुसऱ्या टोकाला होते. काय मागावे हे सुचवणाराही तिकडेच बसलेला असतो. पूर्वी निवडीचे यंत्र आपल्या भिंतीच्या आत होते, आता ते भिंतीबाहेर गेले आहे.

संगणकाला जोडायच्या स्वस्त टीव्ही-ट्यूनर कांड्यांतली एक चकती कच्च्या लहरींचे आकडे थेट संगणकाला देऊ शकते, हे २०१२ मध्ये काही हौशी मंडळींच्या ध्यानात आले. तेव्हापासून त्याच कांड्यांनी जगभरचे छंदिष्ट विमानांचे संकेत ऐकतात, हवामान-उपग्रहांची छायाचित्रे उतरवून घेतात. दूरचित्रवाणीसाठी बनलेले ते यंत्र दूरचित्रवाणी सोडून बाकी सारे आकाश चाळते आहे, आणि कोण काय ऐकते याची नोंद कुठेही होत नाही.